मोटार घुमते, थरथरते, धक्के देते: टॉर्क रिपलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या दुकानात विजेची मोटार येते ती कधी रिक्षात, कधी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, आणि तिच्याबरोबर बहुतेक वेळा एकच वाक्य येतं: "धक्के मारतेय, भरून द्या." भरून देणं, म्हणजे आतलं जळकं वाइंडिंग (तारेची गुंडाळी) काढून नवं घालणं, हे आमचं पोट आहे, पण धक्के मारणाऱ्या कितीतरी मोटारी भरायची गरजच नसते. धक्क्याचा ठेका मोजला तर दोष कुठे आहे ते बहुतेक वेळा मोटार उघडण्याआधीच कळतं. उद्यमबागेतले कारखानदार, वडगाव-शहापूरचे मागवाले आणि खानापूर, निपाणी, चिकोडीकडचे शेतकरी आम्हाला जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

टॉर्क रिपल म्हणजे नेमकं काय?

टॉर्क म्हणजे शाफ्ट वळवण्याची ताकद. ही ताकद एका फेरीत किंवा विजेच्या एका आवर्तनात वरखाली होत राहिली की त्या चढउताराला टॉर्क रिपल म्हणतात. ५ एचपीची, म्हणजे ३.७ किलोवॅटची, १४४० फेऱ्यांची मोटार पूर्ण लोडवर साधारण २४.५ न्यूटन-मीटर टॉर्क देते. तो सतत २३ आणि २६ च्या मध्ये हलत असेल, तर फरक ३ चा, म्हणजे सुमारे १२ टक्के रिपल.

जात्यावर दळताना पाहिलं असेल तर हे लगेच कळेल. एकटी बाई दळते तेव्हा खुंटा ओढताना जोर लागतो आणि पुढे ढकलताना कमी पडतो, त्यामुळे जातं हिसके देत फिरतं. समोर दुसरी बसली की तेच जातं एकसारखं फिरायला लागतं. एकीचा जोर कमी होतो त्याच वेळी दुसरीचा वाढलेला असतो.

मग तीन फेजच्या मोटारीत रिपल यायलाच नको ना?

हिशोबाने नकोच. तीन फेजपैकी प्रत्येकाची ताकद वरखाली होते, पण तिघांची बेरीज प्रत्येक क्षणाला सारखीच राहते. थ्री-फेजचं खरं मोठेपण यातच आहे. मात्र त्यासाठी तिन्ही फेजचे व्होल्टेज सारखे हवेत, वाइंडिंग सारखं हवं, रोटरच्या (आत फिरणाऱ्या भागाच्या) सगळ्या पट्ट्या शाबूत हव्यात आणि रोटर बरोबर मधोमध हवा. यातलं एक जरी बिघडलं तरी बेरीज डळमळते.

सगळं ठीक असलं तरी थोडा रिपल उरतोच, कारण स्टेटर, म्हणजे बाहेरचा स्थिर भाग, आणि रोटर दोन्हीला खाचा असतात. ही मोटारीच्या बांधणीतलीच गोष्ट आहे. रोटरच्या पट्ट्या तिरक्या ठेवलेल्या दिसतात त्या हा रिपल कमी करण्यासाठी.

ठेका मोजायचा म्हणजे काय? नुसत्या आवाजावरून काय कळणार?

बरंच कळतं. ५० हर्ट्झच्या (सेकंदाला ५० आवर्तनांच्या) लाइनवर चालणारी ४ पोलची (चार चुंबकीय ध्रुवांची), १४४० फेऱ्यांची मोटार घेऊ.

सेकंदाला १०० वेळा येणारी थरथर, जी कानाला जाड गुणगुणीसारखी लागते, ती बहुतेक विजेच्या बाजूची. फेज असमान आहेत, एक फेज गेला आहे किंवा रोटर एका बाजूला सरकला आहे. सेकंदाला २४ वेळा येणारी थरथर म्हणजे दर फेरीला एक, कारण १४४० भागिले ६० बरोबर २४. ती पुली, कपलिंग (मोटार आणि यंत्राचे शाफ्ट जोडणारा तुकडा), बॅलन्सिंग यांची. आणि सेकंदाला चार-पाच वेळा, मोजता येईल अशी संथ "व्हूं... व्हूं... व्हूं" आली, अँपमीटरचा काटाही त्याच तालावर डुलला, तर रोटरची पट्टी तुटल्याचा संशय घ्यायचा. ड्राइव्हवर, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलून स्पीड कमी-जास्त करणाऱ्या व्हीएफडीवर, चालणाऱ्या मोटारीचा हिशोब वेगळा, तो खाली दिला आहे.

सगळ्यात सोपी परीक्षा अशी: मोटार लोडवर चालू असताना बॉडीवर हात ठेवा आणि दुसऱ्याला स्विच बंद करायला सांगा. थरथर त्याच क्षणी गेली तर दोष विजेच्या बाजूचा. मोटार मंदावत जाताना तीही हळूहळू कमी झाली तर दोष यांत्रिक. यात फसगत होते ती २ पोलच्या मोटारीत. तिथे विजेची १०० हर्ट्झची थरथर आणि फेऱ्यांच्या दुप्पट असलेली साधारण ९६-९७ ची थरथर एकमेकींत मिसळून संथ चढउतार ऐकू येतो. तो ऐकून रोटर तुटला म्हणू नका.

थरथर म्हणजेच टॉर्क रिपल का?

नाही. बॉडीवर हाताला लागते ती बाजूची थरथर. टॉर्क रिपल शाफ्टला पिळतो आणि सोडतो, तो हाताला नीट लागत नाही. नीट मोजायचा तर शाफ्टवर टॉर्क सेन्सर लावावा लागतो. आपल्याला पुरेसा पुरावा कपलिंगखाली सापडतो. जॉ कपलिंगमधल्या रबराची काळी पूड खाली बेसप्लेटवर साचलेली दिसली, आणि अलाइनमेंट बरोबर असूनही ती पुन्हा पुन्हा साचत असेल, तर शाफ्ट पिळ खातोय असं समजा.

आमच्या शेतात सगळ्यांच्याच मोटारी घुमतात. दोष मोटारीचा की लाइनीचा?

सगळ्यांच्या एकाच वेळी घुमत असतील तर लाइनीचा. टीसीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) लांब, वायरीच्या शेवटच्या टोकाला ज्याची विहीर असते त्याला हे जास्त भोगावं लागतं. गावातली घरं, दिवे, घरघंट्या हा सगळा सिंगल फेजचा लोड तिन्ही फेजवर सारखा वाटलेला नसला की एका फेजचे व्होल्टेज उतरतात.

टक्केवारी काढायची रीत सोपी आहे. मोटार लोडवर चालू असताना तीन जोड्यांचे व्होल्टेज घ्या, समजा ४१५, ४०५ आणि ३९५. सरासरी ४०५. सरासरीपासून सगळ्यात जास्त फरक १० चा. १० भागिले ४०५, म्हणजे सुमारे २.५ टक्के असमानता. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण असमान व्होल्टेजमुळे मोटारीत मूळ चुंबकीय क्षेत्राच्या उलट दिशेने फिरणारं दुसरं क्षेत्र तयार होतं. रोटर सुलट पळत असतो आणि हे क्षेत्र त्याला समोरून येऊन भिडतं. त्याला विरोध कमी असल्यामुळे थोड्याशा व्होल्टेजवरही मोठा करंट वाहतो. म्हणून करंटमधली असमानता व्होल्टेजच्या असमानतेच्या साधारण सहा ते दहा पट निघते. अडीच टक्क्यांचे पंधरा-पंचवीस टक्के होतात ते असे. सुलट आणि उलट क्षेत्रांच्या या झटापटीतूनच सेकंदाला १०० वेळा येणारा रिपल निघतो.

उष्णतेचा ढोबळ नियमही लक्षात ठेवा: असमानतेच्या टक्क्यांचा वर्ग करून त्याची दुप्पट करा, तितके टक्के तापमानवाढ जास्त होते. अडीच टक्क्यांना साडेबारा टक्के. साडेतीन झाले तर पंचवीसच्या आसपास. मोटारींच्या मानकांप्रमाणे असमानता १ टक्क्याच्या वर गेली की मोटारीवरचा लोड कमी करायला हवा, आणि ५ टक्क्यांच्या वर ती चालवूच नये.

तेव्हा तिन्ही व्होल्टेज आणि तिन्ही करंट वेळेसकट वहीत लिहून ठेवा. दोन-चार दिवसांचे आकडे घेऊन चार शेतकऱ्यांनी मिळून वीज कार्यालयात अर्ज दिला, तर "मोटार घुमते" या तक्रारीपेक्षा त्याला वजन येतं.

एक फेज नसताना कंडेन्सर लावून मोटार चालवली तर काय बिघडतं?

उभं पीक वाळताना बघवत नाही, म्हणून लोक हे करतात. त्यामागची कळकळ मला समजते. पण मोटारीचे हाल काय होतात तेही सांगायला हवं.

कंडेन्सर गेलेल्या फेजची जागा कशीबशी भरतो. तो एकाच लोडला बरोबर बसतो. पाण्याची पातळी खाली गेली, लोड बदलला की हिशोब चुकतो, टॉर्क १०० हर्ट्झने हेलकावे खातो आणि वाइंडिंग असमान तापतं. कंडेन्सरही नाही आणि चालत्या मोटारीचा एक फेज गेला, तर तेवढंच काम करायला उरलेल्या दोन तारांतला करंट जवळजवळ १.७३ पट होतो. ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की वीज तोडणारा) नीट सेट केलेला असेल तर तो मोटार बंद करेल. पण बऱ्याच ठिकाणी रिलेचा काटा "सारखी ट्रिप होते" म्हणून शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवलेला असतो. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेला की मोटार बंद करणारं उपकरण, लावा. नवीन वाइंडिंगच्या मानाने त्याचा खर्च थोडका आहे.

जळलेली मोटार बघून एक फेज गेला होता हे कसं ओळखता?

कॉइलच्या रंगावरून. डेल्टा जोडणीच्या (तिन्ही फेजची वाइंडिंगं त्रिकोणात जोडलेल्या) ४ पोलच्या मोटारीचं कव्हर काढलं की कधी कधी आतमध्ये चार गुच्छ कोळशासारखे काळे आणि त्यांच्या मधले सगळे मधाच्या रंगाचे, जसेच्या तसे दिसतात. काळे गुच्छ सारख्या अंतरावर असतात, घड्याळातल्या बारा, तीन, सहा, नऊ सारखे. हा एकाच फेजचा संच. डेल्टात एक फेज गेला की एका संचावर सगळा भार येतो. स्टार जोडणीत (तिन्हींची एकेक टोकं एकत्र बांधलेली) उलट असतं: दोन संच काळे, एक स्वच्छ. तिन्ही संच सारखेच काळे असतील तर साधा ओव्हरलोड, अडकलेला पंप किंवा बंद पडलेला पंखा.

मोटार भरून घेताना दुकानदाराला ही जळालेली कॉइल दाखवायला सांगा. कारण न शोधता नवी तांब्याची तार घातली तर तीही त्याच वाटेने जाते.

ग्राइंडिंगच्या जॉबवर बारीक लाटा उठतात. मोटारीमुळे होऊ शकतं का?

होऊ शकतं, आणि ते जॉबवरच मोजता येतं. बेळगावात हायड्रॉलिकची कामं खूप, त्यामुळे रॉड आणि स्पूलवरच्या अशा लाटांची तक्रार आमच्याकडे नेहमी येते.

एक प्रसंग सांगतो. सिलिंड्रिकल ग्राइंडरवर ५० मिलिमीटर व्यासाचा रॉड, १२७ फेऱ्यांवर फिरत होता. उजेडाकडे तिरका धरला की अंगावर बारीक पट्टे दिसत. चाक ड्रेस करून (हिऱ्याने तासून सरळ करून) झालं होतं, बेअरिंगं बदलून झाली होती, आता चाकाची ५ एचपीची मोटार भरायला आणली होती. मी आधी रॉड मागवला. त्याच्याभोवती पातळ कागद गुंडाळला आणि वरून शिसपेन्सिल आडवी घासली. कागदावर लाटांच्या रेघा उमटल्या. कागद टेबलावर पसरून पट्टीने मोजलं तर दहा लाटांना ३३ मिलिमीटर. म्हणजे एक लाट ३.३ ची. रॉडचा पृष्ठभाग मिनिटाला २० मीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ३३३ मिलिमीटर पळत होता. ३३३ भागिले ३.३, उत्तर १०० च्या आसपास. बेअरिंग किंवा चाकाच्या बॅलन्सिंगचा आकडा हा नव्हे.

तिथे गेलो. मेन स्विचवर तिन्ही व्होल्टेज ४१२ च्या जवळपास होते. मोटारीच्या टर्मिनलवर, चालू लोडला, ४१२, ३९९ आणि ४००. म्हणजे दोन टक्क्यांची असमानता मेन स्विच आणि मोटार यांच्या मध्येच तयार होत होती. करंट ७.४, ७.१ आणि ५.९ अँपिअर. स्टार्टरचं झाकण हाताला चटका देत होतं. उघडलं तर एका पोलचा कॉन्टॅक्ट खड्डे पडून काळा झालेला. दोन जोड्यांचे व्होल्टेज एकदम उतरले होते, कारण तो एक फेज दोन्ही जोड्यांत येतो. कॉन्टॅक्ट किट बदललं, लाटा गेल्या. मोटार आम्ही भरली नाही.

म्हणून व्होल्टेज नेहमी मोटारीच्या टर्मिनलवर आणि लोड असताना मोजा. मेन स्विचवरचा आकडा मधल्या कॉन्टॅक्टबद्दल काही सांगत नाही. चालू टर्मिनलवर मोजणं जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

रोटरला कसली वायर, तो कसा तुटतो?

रोटरला वायर नसते, पट्ट्या असतात. छोट्या मोटारीत ॲल्युमिनियम वितळवून खाचांत ओतलेलं असतं, दोन्ही टोकांना कडी. फौंड्रीवाल्यांना हे सांगावं लागत नाही: ओतकाम आलं की ब्लोहोल आलं. एखाद्या पट्टीत पोकळी राहिली तर तिथे तापते आणि पुन्हा पुन्हा स्टार्ट होणाऱ्या मोटारीत एक दिवस तडकते. मग शेजारच्या पट्ट्यांवर भार येतो आणि त्याही जातात.

तुटलेल्या पट्टीचा रिपल संथ असतो. त्याचा वेग स्लिपच्या, म्हणजे रोटर फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या मागे पडतो त्या फरकाच्या, दुप्पट. १५०० च्या जागी १४४० फेऱ्या म्हणजे स्लिप ४ टक्के, ५० हर्ट्झचे ४ टक्के २, त्याची दुप्पट ४. सेकंदाला चार हेलकावे. करंटचं विश्लेषण करणारं यंत्र असेल तर ५० च्या दोन्ही बाजूंना ४६ आणि ५४ हर्ट्झवर खुंटासारख्या दोन रेघा उभ्या दिसतात. लोड नसताना स्लिप जवळजवळ शून्य असते, तेव्हा हा दोष लपतो. दुकानात बिनलोडची मोटार चालवून "चांगली आहे" म्हणून परत पाठवली जाते ती यामुळेच. आमच्या टेबलावर आम्ही एका फेजला कमी व्होल्टेज देऊन शाफ्ट हाताने हळू फिरवतो आणि अँपमीटर बघतो. पट्टी तुटलेली असेल तर काटा ठरावीक जागी हलतो.

संथ रिपल जास्त त्रास देतो, हेही लक्षात घ्या. १०० हर्ट्झच्या धक्क्याला रोटरचा वेग बदलायला वेळच मिळत नाही, लगेच उलटा धक्का येतो. ४ हर्ट्झच्या धक्क्याला पंचवीसपट वेळ मिळतो, म्हणून तो पट्ट्यावर, मागावर, पाण्याच्या धारेवर डोळ्यांना दिसतो.

व्हीएफडी लावल्यावर कमी स्पीडला मोटार झटके देते. ड्राइव्ह खराब आहे का?

तसं लगेच म्हणू नका. ड्राइव्ह शुद्ध साइन वेव्ह देत नाही, तुकड्यातुकड्यांनी देते. त्यातून पाचवा आणि सातवा हार्मोनिक, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या पाचपट आणि सातपट वेगाच्या जादा लहरी, येतात. पाचवा उलटा फिरतो, सातवा सुलटा, आणि दोघे मिळून मूळ फ्रिक्वेन्सीच्या सहापट रिपल देतात. ५० हर्ट्झला तो ३०० चा, कुणाच्या लक्षातही येत नाही. मोटार ५ हर्ट्झवर आणली की तोच ३० चा होतो, आणि तीस धक्के यंत्राला जाणवतात. आजच्या पीडब्ल्यूएम (बारीक, कमी-जास्त रुंदीच्या तुकड्यांनी वीज देणाऱ्या) ड्राइव्हमध्ये हा पूर्वीपेक्षा खूप कमी असतो, पण कमी स्पीडला थोडा उरतो.

आधी नेमप्लेटवरचे आकडे ड्राइव्हमध्ये बरोबर भरलेत का बघा आणि ऑटो ट्यून करा. मोटार भरून आली असेल तर पुन्हा करा, कारण वाइंडिंगचा रेझिस्टन्स बदललेला असतो. कमी स्पीडला व्होल्टेज बूस्ट गरजेपेक्षा जास्त ठेवलेला असतो, तो उतरवून पाहा. साध्या व्ही/एफ (व्होल्टेज फक्त फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात ठेवणाऱ्या) मोडऐवजी मोटारीचा करंट बघून टॉर्क सांभाळणारा व्हेक्टर मोड असेल तर तो वापरा. एखाद्या ठरावीक स्पीडलाच थरथर वाढत असेल तर ती यंत्राची स्वतःची लय आहे. तेवढी फ्रिक्वेन्सी जंप सेटिंगने टाळा. एवढं करूनही झटक्यांचा ठेका आउटपुट फ्रिक्वेन्सीइतकाच किंवा बरोबर दुप्पट असेल, तर ड्राइव्हमधल्या करंट सेन्सरची तपासणी करून घ्या.

मोटार सुरू होताना मध्येच अडकते, दोन-अडीचशे फेऱ्यांवरच रेंगाळते.

याला क्रॉलिंग म्हणतात. मोटारीच्या आतल्या सातव्या हार्मोनिक क्षेत्राचा वेग मूळ वेगाच्या एक सप्तमांश असतो, १५०० ला सुमारे २१४. लोड जड असेल तर मोटार तिथेच रमते. अजिबात हललीच नाही, नुसती घुमली, तर आधी एक फेज गेला का बघा, मग कमी व्होल्टेज. बाजारातला कुठलाही रोटर कुठल्याही स्टेटरमध्ये बसवला तर खाचांचा मेळ बिघडून हा दोष येतो.

स्टार-डेल्टा बदलताना धाडकन आवाज येतो, तो रिपलच का?

तो क्षणाचा धक्का आहे, रिपल नाही. टायमर बरोबर लावा: मोटार स्टारमध्ये सुरू होते, ती जवळजवळ पूर्ण वेगाला आल्यावरच डेल्टा पडला पाहिजे.

घरघंटीची सिंगल फेज मोटार रिकामी असताना जास्त घुमते, दळण टाकलं की कमी. असं कसं?

सिंगल फेज मोटारीत १०० हर्ट्झचा रिपल जन्मजात असतो. कंडेन्सर दुसऱ्या वाइंडिंगला वेळेत मागे-पुढे करून तो कमी करतो, पण तो मेळ लोड धरून बसवलेला असतो. म्हणून रिकामी घुमली तर घाबरू नका. दळण टाकल्यावरही घुमत असेल आणि सुरू व्हायला कुरकुरत असेल, तर कंडेन्सर मीटरवर तपासा. छापलेल्या मायक्रोफॅरडपेक्षा बराच कमी निघाला तर बदला.

गुऱ्हाळात अँपमीटर सारखा नाचतो. मोटार बघायला हवी का?

आधी मोळी बघा. चरकात ऊस झुबक्याने टाकला की काटा वर जातो, मधे खंड पडला की खाली येतो. हा लोडचा चढउतार, मोटार त्याला फक्त उत्तर देते. पिस्टनच्या एअर कॉम्प्रेसरचंही तसंच. अशा ठिकाणी जड फ्लायव्हील हाच उपाय. आपल्या जुन्या चरकांना जड चाकं असायची ती उगीच नव्हेत. ऊस एकसारखा भरला तरी काटा नाचत राहिला, तर मोटार आणा.

भरून आणल्यापासून मोटार जास्त घुमते.

मग भरण्यातच चूक असू शकते, आणि आमच्या धंद्यातल्या माणसाने हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. एका गुच्छाचे वेढे कमी-जास्त पडले किंवा एक गुच्छ उलटा जोडला गेला, तर तिन्ही करंट बिनलोडलाच वेगळे येतात. व्होल्टेज सारखे असूनही करंटमध्ये मोठी तफावत दिसली तर मोटार लगेच परत न्या, चालवत राहू नका. दुसरी चूक जास्त वाईट: घासणारा रोटर लेथवर उतरवून देणं. छोट्या मोटारीतली फट मिलिमीटरच्या अर्ध्याहूनही कमी असते. रोटर छिलला की फट वाढते आणि बिनलोडचा करंट कायमचा चढतो. रोटर घासत होता तो बेअरिंग किंवा हाउसिंगमुळे, दुरुस्ती तिथे करायची.

ही मोटार मुळात किती जुनी गोष्ट आहे?

गोकाकच्या धबधब्यावर १८८७ मध्ये वीज तयार झाली असं आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात सांगतात. त्यावेळी ही मोटार, म्हणजे इंडक्शन मोटार, नुकती कुठे जन्माला येत होती. टेस्लाला तिची पेटंटं १८८८ मध्ये मिळाली, त्याच वर्षी इटलीत फेरारिसने आपलं संशोधन मांडलं, आणि आज आपण वापरतो त्या पिंजऱ्याच्या (पट्ट्या आणि कड्यांच्या) रोटरची तीन फेजची मोटार डोलिवो-डोब्रोवोल्स्कीने १८८९ मध्ये बनवली. धबधबा बघायला गेलात की हे आठवा. मला दर वेळी आठवतं.

दुकानात मोटार आणताना बरोबर काय आणायचं?

एक कागद. त्यावर लोड चालू असताना मोटारीच्या टर्मिनलवर घेतलेले तीन व्होल्टेज आणि तीन करंट, कोणत्या वेळी घेतले ते, आणि स्विच बंद केल्यावर थरथर लगेच गेली की हळूहळू, हे लिहा. व्हीएफडी असेल तर कोणत्या फ्रिक्वेन्सीला त्रास होतो ते. ड्राइव्ह असलेल्या लाइनवर मोजायला ट्रू आरएमएस (लहर शुद्ध नसली तरी खरा आकडा देणारा) क्लॅम्प मीटर लागतो, साधा चुकीचा आकडा दाखवतो. कपलिंगचा रबर झिजला असेल तर तोही पिशवीत टाका. ग्राइंडिंगचा त्रास असेल तर एक जॉब आणा, कागद-पेन्सिल आमच्याकडे आहे.